नऊ मीटर खोल गेलेला पाइप

मी डिटेक्टिव्ह आहे. दारावर पाटी लावलेली नाही, कारण पाटी लावली की चोर सावध होतात. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं मी लोकांच्या तोंडाकडे बघून शिकले. शेजारणीच्या दोरीवरच्या कपड्यांवरून तिच्याकडे पाहुणे किती आलेत आणि कधी टळणार, हे मी घरबसल्या सांगते. या घरात नियमही माझेच चालतात. चपला कुठे काढायच्या, ओला टॉवेल कुठे टाकायचा नाही, सगळं. शुक्रवारी सुनेनं नवं काम काढलं, तेव्हा पहिली रेघ कुठून मारायची हेसुद्धा मीच सांगितलं.

सून इंजिनिअर आहे. जमिनीखालून सांडपाण्याचे पाइप कसे न्यायचे ते कॉम्प्युटरवर आखते. या वेळचं काम आमच्याच गल्लीचं, आणि पहिल्यांदाच तिच्या एकटीचं. सोमवारी अकरा वाजता साहेबांपुढे मांडायचं. नाही जमलं, तर ते ऑफिसातल्या टायवाल्याकडे जाणार. हा टायवाला गेली तीन वर्षं तिला "तुम्ही प्रिंट काढा" एवढंच सांगत आलाय.

रविवारी सकाळी बघते तर सून डोकं धरून बसलेली.

"आई, पाइप खाली चाललाय."

"मग? पाइप खालीच असतो."

"नऊ मीटर, आई. गल्लीच्या त्या टोकाला नऊ मीटर खोल चेंबर दाखवतंय. तीन मजल्यांची इमारत उलटी पुरल्यासारखं."

मी चष्मा पुसला आणि केस हातात घेतली.

"खोली ठरवतं कोण?"

"प्रोग्राम. मी फक्त रेघ मारायची. त्यात नियम घातलेले असतात. पाइपला उतार कमीत कमी इतका हवा, वर माती कमीत कमी इतकी हवी. त्याप्रमाणे तो आपोआप पाइप बसवतो."

"आपोआप काही होत नसतं," मी म्हटलं. "या घरात तर नाहीच."

पहिला संशय मांजरीवर. ती ऊब मिळते म्हणून बटणांवर झोपते. एक पाय इकडे पडला की पाइप तिकडे खाली. मी तिला न्हाणीघरात कोंडलं. सुनेनं नियम पुन्हा लावले. नऊ मीटर. मांजर निर्दोष सुटली; तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

दुसरा संशय मास्तरीणबाईंवर. त्या गल्लीच्या वरच्या टोकाला राहतात आणि खड्डा नेमका त्यांच्याच फाटकापुढे. फुकटात विहीर मिळत असेल तर कुणाला नको असते? साखर मागायला रिकामी वाटी घेऊन गेले. चढ चढताना धाप लागली, त्यामुळे चौकशी जरा तुटक झाली.

"दारात खड्डा पडला तर कसं वाटेल?"

"कसला खड्डा?"

"तीन मजली."

त्यांनी साखर दिली आणि दार लावून घेतलं. निष्पाप माणूस दार लावत नाही, हे मी मनात टिपलं. परत येताना पाय आपसूक पळत होते. ते मात्र टिपलं नाही.

तिसरा संशय अर्थात टायवाल्यावर. सुनेच्या फोनवरून मी त्यालाच गाठलं.

"शुक्रवारपासून कुठे होतास?"

"दातांच्या डॉक्टरकडे. आपण कोण?"

"तिथे किती खोल खणलं?"

सुनेनं फोन काढून घेतला. मोठमोठ्या तपासांत घरचेच आडवे येतात.

दुपारी बारा वाजता तिनं कॉम्प्युटरचा पडदा अर्धा मिटला. "राहू दे, आई. दोन दिवस सगळे नियम तपासले, सगळे बरोबर आहेत. आता त्यालाच सांगते, तू कर म्हणून." असं म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात आमचे हे आले. हे निवृत्त पोस्टमन. वर्षाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन जेवणाबद्दल. त्यांनी अर्ध्या मिटलेल्या पडद्यात मान घातली.

"हे बाण कसले?"

"पाणी कुठे जाणार ते दाखवतात, बाबा."

"म्हणजे आपल्या दारातून मास्तरीणबाईंकडे?"

"हो."

"तिकडे जाताना मला सायकलवरून उतरावं लागायचं," हे म्हणाले. "एकतीस वर्षं."

सून बघतच राहिली. मग हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, रेघ जिथून सुरू होते तिथून पाणी निघतं, असं प्रोग्राम धरून चालतो. आम्ही राहतो गल्लीच्या खालच्या टोकाला, आणि रेघ निघाली आमच्या दारातून. रस्ता वर चढत होता आणि तो बिचारा नियम पाळत पाइप खाली खाली नेत होता.

तिनं सगळं पुसलं आणि मास्तरीणबाईंच्या फाटकापासून खाली आखत आणलं. वीस मिनिटांत पाइप शहाण्यासारखा बसला. खड्ड्यात माणूस उभा राहिला तर डोकं बाहेर राहील, इतकाच खोल.

"पण सुरुवात इथून कशी केलीस?" यांनी विचारलं. वर्षाचा कोटा एका दुपारी संपवत होते.

सुनेनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "चुकून, बाबा."

शुक्रवारी मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. "पहिली रेघ आपल्या दारातून," मी म्हटलं होतं. "या घरचं काम त्या मास्तरीणबाईंच्या दारात सुरू व्हायचं नाही." ती म्हणाली होती, "पण आई, उतार..." आणि मी म्हटलं होतं, पण नाही न् बिण नाही.

सोमवारी दोन वाजता सून आली. नकाशावर साहेबांची सही होती, आणि प्रिंट टायवाल्यानं काढल्या होत्या.

मी मांजरीला बशीभर दूध दिलं. वाटीभर साखर घेऊन चढ चढले आणि परत करून आले. केस बंद झाली. गुन्हेगार घरातलीच निघाली. वय झालेलं, आणि गुन्हा पहिलाच, असं तिचं म्हणणं. समज देऊन सोडून दिली.