चुकीचा पासवर्ड, उरले दोन प्रयत्न

संगणकाच्या बाई पासवर्ड विसरल्या.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती; माणूस आहे, विसरतो. पण मागच्या बाकावर तपासणीचे साहेब वही उघडून बसले होते. मोबाइल आणि संगणक जपून कसा वापरावा, हा तास पुढच्या वर्षी ठेवायचा की त्याजागी गणिताचा आणखी एक घ्यायचा, ते आज त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि बाई नेमलेल्या या एकाच तासापुरत्या.

पासवर्ड त्यांनी सकाळीच बदलला होता. साहेब येणार म्हणून, नियमाप्रमाणे, चांगला चौदा अक्षरी. कुठे लिहून ठेवला नव्हता. तोही नियमच.

प्रयत्न पहिला. चूक.

प्रयत्न दुसरा. चूक. चाळीस मुलं टक लावून बघत होती. बाईंचा चेहरा मात्र असा, की हेही धड्यातच आहे.

प्रयत्न तिसरा. तोही फसल्यावर संगणकाने उलट बाईंनाच विचारलं: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? बाईंनी नाव टाकलं. चूक. असल्या प्रश्नांना खरं उत्तर देऊ नये, ते कुणीही शोधून काढतं, हे शिकवणाऱ्या बाईच. तेव्हा कोणती थाप मारून ठेवली होती, देव जाणे.

आता एकच वाट उरली. मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी. मुख्याध्यापक होते बाहेरगावी, बैठकीला. बाईंनी वर्गासमोरच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सर, तुम्हाला आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे सांगता का?"

"नाही सांगणार."

"सर, मी बोलतेय."

"असं सगळेच म्हणतात. आमच्या बाईंनी सांगितलंय, हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात. घाई करणाऱ्याचा फोन आधी ठेवायचा."

आणि ठेवला.

मग शिकवल्याबरहुकूम, खात्री करायला, मुख्याध्यापकांनी शाळेच्या फोनवर फोन केला. तो उचलला शिपाईमामांनी. मामा बाईंनी घेतलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात चहा द्यायला म्हणून गेले होते आणि शेवटपर्यंत बसले होते. बाई वर्गात आहेत का, या साध्या प्रश्नावर त्यांनी समोरच्याची उलटतपासणी घेतली आणि छाती पुढे काढून वर्गात आले.

"बाई, एक भामटा आपल्या मुख्याध्यापकांच्या आवाजात बोलत होता. असा झापलाय, परत नाव काढणार नाही."

साहेबांनी वही मिटली. "बाई, जरा बाहेर या."

बाई समजायचं ते समजल्या. तरी ताठ मानेने बाहेर गेल्या. व्हरांड्यात साहेबांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"काल मला एक फोन आला. पार्सल अडकलंय म्हणाले. मी सगळे आकडे सांगून मोकळा झालो. घरी अजून बोललो नाही."

"आधी बँकेला फोन. आत्ता, माझ्यासमोर. नंबर पासबुकावरचा घ्या, मेसेजमधला नको. मग पोलीस. मग वहिनी."

"तिला सांगायलाच हवं?"

"कालच सांगितलं असतंत, तर खातं कालच बंद झालं असतं."

साहेबांनी निमूटपणे फोन लावला. खातं गोठवल्याची खात्री झाल्यावर आत आले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हा तास आठवड्यातून दोनदा घ्यावा.

बाईंनी संगणक तसाच सोडला आणि खडू उचलला. फळ्यावर पहिलं वाक्य उमटलं, तेव्हा मागच्या बाकावरचे साहेब शेजारच्या मुलीला विचारत होते, समास सोडायचा का.