रुमालांचा आकाशपाळणा

एका जंगलात आणखी एक जंगल होतं. ते तिकीट काढून बघायचं.

त्याचं नाव 'वनानंद थीम पार्क'. तिथली झाडं प्लास्टिकची होती, म्हणून पानं गळत नसत. ओढा नळाने सुरू व्हायचा आणि पाच वाजता बंद व्हायचा. एका खांबावर कोकिळाच्या आवाजाचं यंत्र बसवलं होतं. ते ऐकायला खरे कोकीळ सहकुटुंब रांगेत उभे राहायचे. "माझ्यापेक्षा सुरात आहे हो," असं बायकोला सांगायचे.

हसू नका मुलांनो. मागच्या रविवारी तुम्ही कुठे गेला होतात, ते मला माहीत आहे.

तर या पार्कात भिकोबाला नोकरी लागली.

भिकोबा म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि स्वभाव इतका भिडस्त की कुणी जरा मोठ्याने "ओ!" म्हटलं की तो अंगाचं मुटकुळं करायचा. एकदा मुटकुळं झालं की दोन तास उघडायचं नाही. त्यामुळे त्याच्या नोकऱ्या टिकत नसत. पूर्वी तो अस्वलाच्या मधाच्या कोठारावर राखणदार होता. एके दिवशी चोर आले आणि म्हणाले, "ओ!" झालं मुटकुळं. चोरांनी मधाबरोबर भिकोबालाही नेलं. बिचारे संध्याकाळी त्याला घरी सोडायलाही आले. भिकोबाच्या बायकोने, सारजाने, त्यांना चहा दिला. दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये, पण चहात साखर नव्हती.

ही नवी नोकरी आठ दिवस कच्ची होती. आठव्या दिवशी तपासणी. सगळं नीट असलं तर कायम. आणि नवव्या दिवशी सारजाचे वडील यायचे होते.

सासरे दरवेळी आले की दारातच, पाणीसुद्धा न घेता विचारायचे, "काय जावईबापू, सध्या काय?" या 'सध्या'ने भिकोबाचं जे मुटकुळं व्हायचं, ते सासऱ्यांचा मुक्काम हलेपर्यंत उघडायचं नाही.

"अहो, या वेळी तेवढं कायम व्हा," सारजा म्हणाली. तिने डब्यात लाल मुंग्यांची चटणी दिली. "मी आजूबाजूला सांगून बसलेय."

पार्कचे मॅनेजर होते तरससाहेब. ते नोकरी देताना हसायचे आणि नोकरीवरून काढतानाही हसायचे. त्यामुळे साहेबांच्या केबिनमधून बाहेर आलेल्याला आपलं नेमकं काय झालं, ते दुसऱ्या दिवशी फाटकावर कळायचं.

साहेबांनी भिकोबाला आकाशपाळणा दाखवला. बारा पाळणे. खाली एक स्टूल, आणि स्टुलासमोर लाल बटण.

"काम सोपं आहे, ही ही ही!" साहेब म्हणाले. "सगळे पाळणे भरले की बटण दाबायचं. रिकामा पाळणा फिरवायचा नाही. आणि भरलेल्यात आणखी कुणाला कोंबायचं नाही."

"एवढंच, साहेब?"

"एवढंच! हो हो हो!"

आता या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे जागा धरायची ती रुमाल टाकून. पाणवठ्यावर रुमाल, पंगतीत पानावर रुमाल, उन्हाळ्यात वडाच्या सावलीत रुमाल. रुमाल पडला की जागा झाली, मग मालक कुठे का असेना. खुद्द वाघसुद्धा दुसऱ्याच्या रुमालाला हात लावत नसे. एकदा म्हणे एका हरणाच्या पाठीवर कुणाचा तरी रुमाल होता. वाघाने तो पाहिला, "अरे, धरलंय वाटतं," म्हणाला आणि मागे फिरला.

प्राण्यांना खिसे नसतात, मग ते रुमाल ठेवतात कुठे, असं विचारू नका. मधेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गोष्ट अर्धीच मिळते.

पहिल्या दिवशी फाटक उघडलं आणि सगळे आकाशपाळण्याकडे धावत सुटले. सगळ्यांत पुढे चंद्राबाई घूस. तिने दहा पावलांवरूनच रुमाल भिरकावला आणि तो बरोबर पहिल्या पाळण्यात पडला. रानडुक्कर दौलतरावांनी दुसऱ्यात उपरणं टाकलं. मग कुणाची टोपी, कुणाची पिशवी, कुणाची छत्री. एका सशाने तर धाकट्याचं दुपटं टाकलं, आणि धाकटा रडतोय म्हणून त्याला वर एक चापट दिली. दोन मिनिटांत बाराही पाळणे धरून झाले.

मग सगळे भजी खायला गेले.

भिकोबा स्टुलावर बसून राहिला. बटण दाबावं की न दाबावं? थोड्या वेळाने चंद्राबाई हातात भज्यांचा कागद घेऊन आली.

"बाई, बसताय ना?" भिकोबाने विचारलं.

"बसतेय की! जागा धरलीय, मग घाई कसली? आमच्या वन्संना तर येऊ द्या."

"त्या कुठे आहेत?"

"निघाल्यात. म्हणजे निघतीलच आता. अंघोळ तेवढी राहिलीय."

"मग बाई, हा पाळणा मी भरलेला धरू की रिकामा?"

चंद्राबाईच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "रिकामा? माझा नवाकोरा रुमाल दिसत नाही तुम्हाला? रिकामा म्हणे! ओ—"

तो 'ओ' ऐकताच भिकोबाची पाठ वाकू लागली. पुरतं मुटकुळं व्हायच्या आत त्याने घाईघाईने बटण दाबलं.

पाळणा फिरू लागला. रुमाल वर गेला. उपरणं वर गेलं. खाली एकच जल्लोष.

"अगं बाई, माझा रुमाल बघा कुठे पोचला!"

"फोटो काढा, फोटो!"

दौलतरावांचं उपरणं शेंड्यावर पोचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या घराण्यात इतक्या वर कुणी गेलं नव्हतं," ते म्हणाले. आपली टोपी गरगर फिरताना बघून एका साळिंदराला घेरी आली. त्याला लिंबाचं सरबत द्यावं लागलं.

संध्याकाळी सगळे समाधानाने घरी गेले. रुमाल मात्र कुणी नेले नाहीत. उद्याची जागा आज कोण सोडणार?

तेव्हापासून आकाशपाळणा सकाळी फाटक उघडायच्या आधीच भरलेला असे. तरससाहेब खूश झाले. कुणी पडलं नाही, कुणी ओकलं नाही, कुणी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलं नाही. असा पाळणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"तुम्ही कायम होणार, भिकोबा! हा हा हा!"

भिकोबाने घरी जाऊन सांगितलं. सारजाने त्या दिवशी चटणीत थोडं तेल जास्त घातलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठकूआजी पोचल्या. ठकूआजी म्हणजे कासव. पार्क सुरू झाल्याचं कळल्या कळल्या त्या निघाल्या होत्या.

"बाळ, मला तेवढं वर बसव," आजी म्हणाल्या. "जन्मभर जमिनीपासून चार बोटांवरून जग पाहिलं. जिकडे बघावं तिकडे बुंधे नि माती. सगळं तपकिरी. एकदा वरून कसं दिसतं, ते बघते नि जाते."

"आजी, पाळणे भरलेत."

आजींनी मान लांब करून पाहिलं. "कुठे रे? मला तर फडकी दिसतायत."

"तीच बसलीयत, आजी. तुमचा रुमाल आहे का?"

"आमचं घरच पाठीवर, बाबा. जागा धरायची वेळ आली नाही कधी."

आजी स्टुलाशेजारी बसून राहिल्या. रोज सकाळी विचारायच्या, "उठली का रे फडकी?" भिकोबा म्हणायचा, "नाही, आजी." मग दोघं डबा खायची. आजींना चटणी तिखट लागायची, पण त्या तसं म्हणायच्या नाहीत. नुसतं पाणी जास्त प्यायच्या.

आठव्या दिवशी सकाळी आजी म्हणाल्या, "येते हो मी. परत पोचायला तीन दिवस लागतील. पुन्हा काही इतक्या लांब येणं व्हायचं नाही. पण तू छान चालवतोस हो पाळणा."

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भिकोबाचं मुटकुळं झालं असतं आणि विषय मिटला असता. पण आजी रागावल्याच नाहीत. हळूहळू फाटकाकडे निघाल्या. भिकोबाने डबा उघडला, दोन घास खाल्ले, डबा बंद केला. आजी तोवर स्टुलापासून हातभर लांब गेल्या होत्या.

तपासणी दुपारी होती. सगळे प्राणी भज्यांच्या गाडीवर होते. भिकोबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तो पहिल्या पाळण्यापाशी गेला आणि चंद्राबाईचा रुमाल कोपऱ्याला धरून चार बोटं बाजूला सरकवला. उचलला नाही हो, नुसता सरकवला. तिथे त्याने आजींना बसवलं आणि बटण दाबलं.

आजी वर गेल्या. आणखी वर गेल्या. आणि शेंड्यावरून त्यांचा आवाज आला.

"अगं आई गं! भिकोबा! अरे, जंगल हिरवं आहे!"

"काय, आजी?"

"हिरवं! वरून सगळं हिरवंगार आहे! आणि पलीकडे नदी चमकतेय! मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही रे?"

हा आवाज भज्यांच्या गाडीपर्यंत गेला. चंद्राबाईने वर पाहिलं आणि कागद हातातून सोडला.

"माझ्या जागेवर कोण आहे ते?"

मग जी बोंब उठली, ती विचारू नका. "रुमाल सरकवला! रुमाल सरकवला!" एक भेकर तर जागच्या जागी आडवं झालं. दौलतराव गरजले, "आज रुमाल सरकवला, उद्या आपल्याला सरकवतील! ओ! बंद करा तो पाळणा! ओ!"

सगळं जंगल एकदम "ओ!" म्हणत होतं. भिकोबाची पाठ वाकली. त्याने एका हाताने रुमाल काढून कपाळाचा घाम पुसला, पण दुसऱ्या हाताचं बोट बटणावरून काढलं नाही. एक फेरी झाली. दोन झाल्या. तीन पुऱ्या झाल्या. मग त्याने पाळणा थांबवला, आजींना हात धरून उतरवलं, स्टुलावर येऊन बसला आणि त्यानंतरच मुटकुळं केलं.

तरससाहेब धावत आले.

"भरलेल्यात कोंबलीत ना एकीला? ही ही ही! काढलं तुम्हाला! हो हो!"

ते मुटकुळं चौघांनी घरंगळवत फाटकाबाहेर नेलं आणि थेट घरी पोचवलं. दोन तासांनी ते उघडलं. समोर सारजा बसली होती.

"झालात?" तिने विचारलं.

भिकोबाने नाही म्हणून मान हलवली. सारजा उठली. उद्यासाठी काढलेल्या चांगल्या कपबश्या तिने परत आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दारात उभे राहिले.

"काय जावईबापू, सध्या काय?"

भिकोबा वाकू लागला.

पण तिकडे पार्कात काय झालं, ते आधी ऐका. भिकोबाच्या जागी तरससाहेबांचा मेहुणा, एक रानकोंबडा, कामावर आला. ऐटीत स्टुलापाशी गेला. बघतो तर स्टुलावर रुमाल! भिकोबाने घाम पुसला होता तो. घरंगळताना हातातून सुटून तिथेच पडला होता.

"इथे कुणीतरी आहे," मेहुणा म्हणाला आणि भजी खायला गेला.

साहेब आले. त्यांनी रुमालाकडे हात नेला, आणि चहूबाजूंनी सगळं जंगल त्यांच्याकडे बघू लागलं.

"साहेब," चंद्राबाई म्हणाली, "रुमाल आहे तो. कालच यावरून एवढं रामायण झालं. आणि आज तुम्ही?"

साहेबांचं हसू आयुष्यात पहिल्यांदा थांबलं. ते तसेच केबिनमध्ये गेले आणि त्यांनी पत्र लिहिलं. 'सदर जागेवर श्री. भिकोबा यांचा रुमाल असल्यामुळे त्यांना कायम करण्यात येत आहे.'

पत्र घेऊन कावळा आला, तेव्हा भिकोबाचं मुटकुळं व्हायला दोनच बोटं बाकी होती. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते म्हणाले, "सारजा, पाणी आण." चांगल्या कपबश्या पुन्हा बाहेर आल्या. चहात या वेळी साखर जरा जास्तच पडली.

दुसऱ्या दिवशी भिकोबा डबा घेऊन कामावर गेला आणि स्टुलावर बसू लागला.

"दिसत नाही का?" दौलतराव म्हणाले. "जागा धरलेली आहे."

"अहो, पण रुमाल माझाच आहे!"

"मग झालं तर! तुम्ही आहातच की तिथे. भरलेल्या जागेवर आणखी कशाला बसताय?"

भिकोबाने डबा उचलला. तो घरी गेला. त्याचा पगार घरी येतो. आकाशपाळणा आता फिरत नाही, कारण बटण दाबायला कुणी नाही. पण तशी कुणाची तक्रार नाही. बाराही पाळणे भरलेले आहेत.

ठकूआजी अजून वाटेत आहेत. भेटेल त्याला थांबवून सांगतात की जंगल वरून हिरवं दिसतं. कुणाचा विश्वास बसत नाही. "वर जाऊन आलेल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघू," असं म्हणून लोक पुढे जातात.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी नोकरी लागली तर मन लावून खुर्चीत बसू नका. बसलेल्याला कुणीही उठवतं. रुमाल टाका आणि घरी जा. आणि कुणी खरंच वर जाऊन काही बघून आलं असेल, तर त्याच्या सांगण्याकडे लक्ष देऊ नका. भजी गार होतात.