माळावरच्या लाल चिंध्या

सर्व्हेवाला माणूस मी वासावरनं ओळखतो! तालुका कचेरीच्या मोजणी खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केलीय, थट्टा न्हाय. माणूस माळावर उभा कसा राहतो, एवढ्यावरनं सांगीन की रस्ता निघणार, कालवा निघणार, का साहेब नुसताच चहा पिऊन परत जाणार.

म्हणून त्या गुरुवारी आमच्या गावच्या माळावर ती पोरगी दिसली आणि माझ्या टकलाला घाम फुटला. गळ्यात दुर्बीण, हातात वही. थोडं चालायचं, वाकायचं, लिहायचं आणि जमिनीत एक काठी रोवायची. काठीला लाल चिंधी!

लाल चिंधी म्हणजे काय, हे आमच्या बेळगाव भागात शेंबड्या पोरालाबी कळतं. जमीन गेली! आणि त्याच माळावर रविवारी आमच्या वृक्षमित्र मंडळाची पाचशे रोपं लागायची होती. अध्यक्ष अर्थातच मी. आठ दिवस रोपं आमच्या अंगणात होती आणि आमची सुवर्णा त्यांच्याकडं सवतीसारखी बघत होती. आता माघार घेतली असती तर तिनं मलाच खड्ड्यात लावला असता.

मी पोरीजवळ गेलो. सरकारी माणसाशी आधी कानडीत बोलावं, हा आमच्याकडचा रिवाज. उगाच कागद अडायला नको.

"एन नडदैत्री?" मी विचारलं. काय चाललंय?

तिनं वही छातीशी धरली. "केलसा नडदैत्री."

काम चाललंय, म्हणे! कसलं काम, ते न्हाय. मी मान लांब करून वहीत डोकावलो, तशी तिनं वही पिशवीतच टाकली. कानडी फर्डी, वही लपवती, कामाचं नाव काढत न्हाय. झालं! बायपास!

तडक शेजारच्या सत्याप्पाकडं गेलो. "सत्याप्पा, माळ गेला रं!"

"मला काल बसमधनं उतरली तवाच संशय आलता, पर्शा. आभाळाकडं बघून एकटीच हसत होती."

"हसत होती? मग मंजुरी आलीया!"

दुपारी ती जेवायला स्टँडकडं गेली तशी आम्ही दोघांनी अकराच्या अकरा काठ्या उपटल्या. डोक्यावर टिटव्यांनी नुसता कालवा मांडलता. मी म्हटलं, "बघ, पाखरंसुद्धा खूश हायत!" काठ्या घरी आणून बंबाजवळ टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कढत पाण्यानं आंघोळ केली. गाव वाचवल्याचं समाधान काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

केस पुसत, म्हणजे डोकं पुसत, बाहेर आलो तर दारात तीच पोरगी!

"वृक्षमित्र मंडळाचे अध्यक्ष इथंच राहतात का?"

मराठीत! चक्क निपाणीकडची मराठी!

"तू मराठी?"

"काका, तुम्ही मराठी? मग काल कानडी का बोलला?"

"तू सरकारी वाटलीस म्हणून!"

"मला तुम्ही सरकारी वाटला म्हणून! आणि वहीत डोकावलात, तवा अंडीचोर वाटला."

पोरीचं नाव समता. पाखरांचा अभ्यास करती. त्या काठ्या म्हणजे टिटवीच्या घरट्यांच्या खुणा. टिटवी झाडावर बसत न्हाय, उघड्या मातीत अंडी घालते आणि अंडी दिसतात खड्यांसारखी.

"रविवारच्या रोपांसाठी उद्या तुमची माणसं खड्डे मारणार, निदान तेवढ्या जागा सोडा, हेच सांगायला आज येणार होते," समता म्हणाली. "आणि कुणा नालायकानं सगळ्या काठ्या उपटल्या! फोनमध्ये नोंदी आहेत, पण त्यात पाच-दहा पावलांचा फरक पडतो. तेवढ्यात कुदळ बसली तर?"

"कोण हलकट असंल ओ!" शेजारच्या कुंपणावरनं डोकावत सत्याप्पा माझ्याकडं बघून म्हणाला.

तेवढ्यात सुवर्णा चहा घेऊन आली. "लाल चिंध्यांच्या काठ्या व्हय? लई झकास पेटल्या बघ!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "आता काय करायचं गं पोरी?"

"टिटव्याच सांगतील," समता म्हणाली. "कुणीतरी माळावर फिरायचं. घरटं जवळ आलं की त्या डोक्यावर झेप घेतात." आणि तिनं माझ्या टकलाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

शुक्रवारी दिवसभर मी माळावर हिंडलो. समता लांबनं दुर्बिणीतनं बघत ओरडायची, "डावीकडं, काका! आणखी दोन पावलं!" की टिटवी आलीच विमानासारखी! जिथं मी डोकं धरून खाली बसायचो, तिथं अंडी शोधून सत्याप्पा नवी काठी रोवायचा.

सहावी काठी रोवली आणि अर्धा गाव माळावर! पुढं पंचायतीच्या यशोदाबाई.

"पर्शा! सर्व्हेवाल्यांना मिळालास? दिवसाढवळ्या माळ मोजून देतोस?"

"आक्का, अंडी हायत ती!"

"एकतीस वर्षं कचेरीत होतास. एकदा तरी खरं बोललास?"

त्यांनी काठी उपटायला हात घातला आणि तशाच वाकून राहिल्या. काठीशेजारी चार अंडी.

"अगं बाई! टिटवीनं उंचवट्यावर घातल्यात की! औंदा पाऊस लई!" मग मागं वळून गावावरच डाफरल्या, "खबरदार कुणी कुदळ आणली तर!"

टिटवीची अंडी उंचावर म्हणजे पाऊस जोरात, हे आमच्याकडं कुणाला पटवावं लागत न्हाय. उरलेली पाच घरटी मग साऱ्या गावानं मला पळवत शोधली.

रविवारी पाचशे रोपं लागली, पण ओढ्याकाठी, बांधावर आणि शाळेच्या आवारात. "उघडा माळ म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे काका," समता म्हणाली. "तिथं झाडी वाढली की टिटवीचं घर गेलं." खरं सांगतो, मला लाज वाटली. एकतीस वर्षं त्या माळाच्या उताऱ्यावर मी माझ्या हातानं 'पडीक' लिहीत आलतो.

काल समताचा फोन आला. अकरापैकी नऊ घरट्यांत पिल्लं निघाली! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बघा. पुढं म्हणाली, "काका, आता निपाणीकडच्या माळावर घरटी शोधायचीत. तुमच्याशिवाय जमणार न्हाय."

मी छाती फुगवून सुवर्णाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "येतो की! येताना काय काय आणू?"

"काही नको. फक्त टोपी घालून येऊ नका."