दाराकडे बघून भाकरी

नववी ‘ब’ची मुलं भाकरीला पाणी लावलं की दाराकडे का बघतात, हे रोहिणी मॅडमना काही केल्या कळेना. पाणी फिरवायचं, मान वळवून दाराकडे नीट बघायचं आणि मग भाकरी उलटायची. एकजात सगळी. मुख्याध्यापक आले असतील म्हणून मॅडमनीही वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या शाळेत स्वयंपाकाचा तास मॅडमनी भांडून मिळवला होता. तो ठेवायचा की गणिताला द्यायचा, हे शिक्षण विभागाचे यादव साहेब आज दुपारी पाहून ठरवणार होते. म्हणून तर मॅडमनी घरी बाजरीच्या भाकरीचा व्हिडिओ केला, तो वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवला आणि मुलांना बजावलं, “पडद्यावर दिसेल अगदी तस्संच करायचं. मधे आपली अक्कल चालवायची नाही.”

मधल्या सुट्टीत त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि त्यांचे कान गरम झाले. पाणी लावल्यावर पडद्यावरच्या मॅडम चोरासारख्या दाराकडे बघत होत्या. बघणारच. तवा सासूबाईंचा होता. यशोदाबाईंनी तो माहेराहून आणलेला, आणि त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. त्या देवळात गेल्यावर मॅडमनी घाईघाईत काम उरकलं होतं.

आता हे मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचारात असतानाच सुट्टी संपली, मुलं पुन्हा तव्यापुढे उभी राहिली आणि साहेब आले.

“ही मुलं दाराकडे काय बघतायत?”

मॅडम पडदा बंद करायला धावल्या. निकिताने मात्र ठणकावून सांगितलं, “सर, त्याशिवाय भाकरी फुगत नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“बघा ना सर करून.”

साहेब मुळातच चौकस. त्यांनी अश्विनला न बघता भाकरी उलटायला लावली. ती पापडासारखी पडून राहिली. निकिताने दाराकडे बघून उलटली, ती टम्म फुगली. पाणी सुकायला तेवढाच वेळ लागत असावा, असं मॅडमच्या मनात आलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, भाकरीला पाणी लावलं आणि दाराकडे असं रोखून पाहिलं की चहा घेऊन आलेला शिपाई ट्रेसकट परत फिरला. भाकरी फुगली.

“मॅडम, यात काहीतरी शास्त्र आहे.”

“अनुभव आहे सर,” मॅडम म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

तास राहिला. मॅडमना इतका आनंद झाला की घरी जाताना द्वारका चौकातली तुंबलेली वाहतूकसुद्धा त्यांना गोड वाटली. साहेबांनी तो व्हिडिओ कौतुकाने सगळ्या शाळांना पाठवला. तिथून तो कुठे कुठे फिरला कोण जाणे, पण आठवड्याभरात यशोदाबाईंच्या नाशिक रोडच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर येऊन थडकला.

“रोहिणी, ह्यो तवा माझा हाय ना?” यशोदाबाईंनी मोबाइल पुढे धरला.

“हो आई.”

“आन बघत कुणाकडं व्हतीस?”

“तुमच्याकडे. म्हणजे, तुम्ही येताय का ते.”

यशोदाबाई पोट धरून हसल्या. “मागितला असता तर मी काय नाय म्हनले असते?” नक्कीच म्हणाल्या असत्या. त्यांनी तवा मॅडमपुढे सरकवला. “घे. आजपासून तुझाबी. आता दाराकडं बघायचं काम नाय.”

त्या संध्याकाळी मॅडम पहिल्यांदाच निर्धास्तपणे त्या तव्यापुढे उभ्या राहिल्या. पाणी लावलं, भाकरी उलटली. फुगली नाही. दुसरीही नाही. तिसरीला तर चीर पडली.

यशोदाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी मुकाट्याने चपला पायात सरकवल्या.

“थांब,” त्या म्हणाल्या, “मी जरा भाईर जाऊन उभी ऱ्हाते.”