चौगुल्यांची पाच मिनिटे

आमच्या गल्लीत भूपाल चौगुले यांच्या घरी कोणीही गेले, तरी त्याचे स्वागत तीन शब्दांनी होते. "या. बसा. गप." एवढे म्हणून चौगुले भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात आणि पुढची पाच मिनिटे स्वतः बोलत नाहीत, आलेल्यालाही बोलू देत नाहीत. पाठ टेकलेली हवी, दोन्ही पावले जमिनीला लागलेली हवीत, मांडीवर मांडी चालत नाही. पाच मिनिटे भरली की ते पाऱ्याच्या यंत्राची पेटी उघडतात, दंडाला पट्टा गुंडाळतात आणि पाहुण्याचा रक्तदाब मोजतात. मग म्हणतात, "हं. आता बोला, काय काम काढलं?"

एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या तरुणालाही त्यांनी असेच बसवले.

"काका, खाली गाडीत धा टाक्या हायत अजून!"

"त्या काय पळून जात न्हाईत. पाय सरळ ठेव."

ज्या गावात दोन मित्रांचे गुज रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जाते, त्या गावात माणसाला पाच मिनिटे गप्प बसवणे म्हणजे एक तपश्चर्याच होय. माझे सारे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले. सकाळची पूजा मी आजवर चुकवलेली नाही. परंतु पूजेत जे चित्त ठिकाणावर राहत नाही, ते चौगुल्यांच्या लाकडी खुर्चीवर राहते, हे मला नम्रपणे कबूल केले पाहिजे. तेथेही पहिल्या दिवशी माझी चूक झालीच.

"गुरुजी, ओठ हलतायत."

"विष्णुसहस्रनाम चालले आहे."

"देव पाच मिनिटं थांबंल. पारा थांबत न्हाय."

चौगुले डॉक्टर नव्हेत. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक आरोग्य विभागात ते क्षेत्रकार्यकर्ते होते. आपल्या भागातील लोक आहारात मीठ किती खातात आणि त्यामुळे त्यांचा रक्तदाब कसा चढत जातो, याचा एक दीर्घ अभ्यास त्या विभागाने मलकापूरकडच्या काही गावांत चालवला होता. चिठ्ठ्या टाकून घरे निवडली गेली. त्यानंतर दरवर्षी त्याच घरी जायचे, त्याच माणसांना भेटायचे आणि त्यांचा रक्तदाब मोजायचा, असे ते काम. चौगुल्यांनी नोकरीची बहुतेक सारी वर्षे या एका कामात घातली. त्यांना माणसांची नावे आठवत नाहीत, क्रमांक आठवतात. महाद्वार रस्त्यावर एकदा आम्ही चाललो असता समोरून एक धिप्पाड गृहस्थ आले. चौगुले आनंदाने ओरडले, "अरं, एक्काहत्तर! पापड सोडलास काय?" त्या बिचाऱ्याने चारचौघांत कान धरले.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसण्यास लोक भितात. ताटातल्या मिठाच्या चिमटीकडे ते ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने मी विंचवाकडेही पाहत नाही.

या अभ्यासात शरीरात मीठ किती जाते हे कळण्यासाठी चोवीस तासांचे मूत्र साठवावे लागे. त्यासाठी विभागाने प्रत्येकाला झाकणाची पांढरी प्लास्टिकची किटली दिली होती. आता त्या भागात पहाटे उठून किटली उचलावी आणि दूध संस्थेची वाट धरावी, हे माणसाच्या पायांना झोपेतही ठाऊक असते. एका पाटलांनी सवयीप्रमाणे उंबऱ्यावरची किटली उचलली आणि रांगेत उभे राहिले. संस्थेतल्या माणसाने झाकण उघडले, आत डोकावले आणि अत्यंत काळजीने विचारले, "पाटील, म्हशीला काय झालंय ओ?"

पुढचे वर्णन माझ्या लेखणीला शोभणार नाही. चौगुल्यांना मात्र या कथेत हसण्यासारखे काही दिसत नाही. "नमुना वाया गेला," एवढेच ते अद्यापही हळहळून सांगतात.

त्यांचा एक नियम फार कडक होता. ज्यांच्यावर अभ्यास चालला आहे त्यांच्या घरी चहा घ्यायचा नाही, फराळ घ्यायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पाहुणचाराने डोळा मिंधा होतो आणि आकडा दोन घरे खाली दिसतो, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर आपला डबा आणि आपली पाण्याची बाटली नेत आणि एसटीच्या थांब्यावर बसून जेवत. गावकरी चिडवत, "पावणं, आमच्या पाण्यात पण मीठ हाय व्हय?"

चौगुले निवृत्त झाले. त्यानंतर लवकरच अभ्यासही बंद झाला. तरीही चौगुले दर वर्षी सुगी संपली की पेटी घेऊन निघत आणि सगळी घरे फिरून येत. ही गोष्ट तीन वर्षे चालली. लग्न केलेले नाही, घरी कोणी नाही, तेव्हा माणूस कशात तरी मन रमवणारच, अशी गल्लीची समजूत होती. माझीही तीच होती.

यंदा विभागात आलेल्या एका तरुण डॉक्टरीण बाईंच्या कानी हे गेले. त्यांनी चौगुल्यांना आदराने बोलावून घेतले आणि स्पष्ट सांगितले, "काका, अभ्यासाची परवानगी संपली आहे. आता त्याच्या नावाखाली मोजमाप घेणे म्हणजे लोकांची फसवणूक होईल. प्रत्येकाला भेटून अभ्यास संपल्याचे सांगा आणि यंत्र जमा करा."

बाईंचे म्हणणे योग्यच होते, आणि चौगुल्यांनीही ते योग्यच मानले. ते महिनाभर गावोगाव हिंडले. कोणी म्हणाले, "बंद तर बंद, शेंगा काढल्या की येत जावा." कोणी म्हणाले, "सुटलो बाबा! आता खर्डा खातो पोटभर." चौगुले रोज संध्याकाळी येऊन मला वृत्तान्त सांगत. एके दिवशी ते आले आणि न सांगता स्वतःच खुर्चीवर बसले. पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला.

"गुरुजी, सगळ्यांना सांगून झालं. एकशे चार तेवढी ऱ्हायलीय."

"एकशे चार कोण?"

"माझी बहीण."

मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षे राहिलो. त्यांना बहीण आहे हे मला त्या दिवशी कळले. तिचे नाव पद्मा. हातकणंगल्याजवळ त्यांचे शेतकरी जैन घराणे. पद्माने घरच्यांना न सांगता एका मराठा मुलाशी लग्न केले आणि दुसऱ्या दिवशी दोघे पाया पडायला आली. वडील आत बसून होते. दार चौगुल्यांनी लावले. "आमची पद्मा काल मेली," असे फटीतून सांगितले आणि कडी घातली. त्यानंतर कित्येक वर्षे भाऊबहिणींनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. मग अभ्यासासाठी घरे निवडताना चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि एका चिठ्ठीवर तिच्या नवऱ्याचे नाव आले.

"चिठ्ठी माझ्याच हातानं निघाली. गेलो. मला वाटलं, दार लावंल. तिनं खुर्ची दिली. 'बसा डॉक्टर' म्हणाली. लहानपणी अण्णा-अण्णा करत माझ्या मागं फिरायची, ती मला डॉक्टर म्हणाली. मग पट्टा बांधायच्या आधी पाच मिनिटं गप बसायचं असतंय न्हवं? तेवढी पाच मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. दर वर्षी बसतोय. बोलायचं नसतंय, म्हणून बसता येतंय."

"आणि अभ्यास संपल्यावर?"

"एका तिच्याच घरी कोणत्या तोंडानं जाऊ? म्हणून सगळी गावं करत होतो." ते थांबले. "आता तिला सांगितलं, तर जायाचं निमित्त संपतंय, आणि भाऊ म्हणून जायाला मला जागा न्हाय. न सांगावं, तर बाईंना शब्द दिलाय. तुम्ही चला उद्या. माझं प्रेशर वाढलंय, मोजून बघितलं."

आम्ही दुपारी पोहोचलो. घर नीटनेटके, अंगण सारवलेले होते. पद्माबाईंचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेले. "बसा डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून, "हे कोण?"

"शेजारी. संस्कृतचे गुरुजी हायत."

त्यांनी मला नमस्कार केला. मग कोणी न सांगता त्या खुर्चीवर बसल्या. पाठ टेकली, पावले जुळवून जमिनीवर ठेवली. चौगुले समोर बसले. आत सून भाकरी थापत होती, तो आवाजही थांबला. या घराला ती पाच मिनिटे पाठ होती, हे मला उमगले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. चौगुले बहिणीच्या पावलांकडे पाहत होते आणि बहीण त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे. सात-आठ मिनिटे तरी लोटली असतील. पेटी उघडली गेली नाही.

"मोजायचं न्हाय व्हय?" शेवटी पद्माबाईंनीच विचारले.

"न्हाय. तुम्हाला सांगायचं होतं. अभ्यास बंद झालाय. तीन वर्षं झाली. मी आपलाच येत होतो. खोटं सांगून."

मी मनातल्या मनात देवाचे नाव घेऊ लागलो.

"म्हंजे आता तुम्ही दवाखान्याचं माणूस न्हाय?"

"न्हाय. कुणाचंच न्हाय."

"मग आता तरी पाणी चालंल का आमच्या घरचं?"

चौगुल्यांना प्रश्न कळेना. "पाणी? पाण्याचा नियम होता. कुणाच्याच घरी घ्यायचं न्हाय असा. त्या पाटलाच्या घरी बी मी कधी..."

"मला काय ठाऊक तुमचा नियम?" त्यांचा आवाज एकदम चढला. "दर वर्षी उंबऱ्यापर्यंत तांब्या आणायची मी. तुम्ही हातानंच नको म्हणायचा आणि पिशवीतली बाटली काढायचा. मला वाटलं, मी बाटलेली, माझ्या हातचं कसं घेतील!"

आकडे चुकू नयेत म्हणून इतकी वर्षे ज्यांनी इतकी दक्षता घेतली, त्या चौगुल्यांना समोरची ही चूक कधी दिसली नव्हती.

पद्माबाई आत गेल्या आणि पितळी तांब्या-भांडे घेऊन आल्या. तांब्याच्या तोंडावर स्वच्छ पांढरे फडके दुहेरी करून बांधलेले होते. जैन घरांत पाणी असेच गाळून घेतात. या घरात त्याची गरज कोणालाच नव्हती.

सून दाराशी आली होती. पिठाचे हात तसेच धरून ती चौगुल्यांना म्हणाली, "तुम्ही यायच्या दिसांत रोज गाळून ठेवत्यात. दिस बुडाला की तुळशीला घालत्यात."

पद्माबाईंनी फडके सोडून भांड्यात पाणी ओतले. चौगुल्यांनी दोन्ही हातांनी भांडे धरले आणि सावकाश, एकही थेंब न सांडता पाणी प्याले. मग रिकामे भांडे बहिणीपुढे केले.

"अजून घाल," ते म्हणाले.