न कळलेला प्रश्न

मुलीला बोलतं कसं करायचं, हे मला विचारा! म्हणजे, परवापर्यंत विचारायला हरकत नव्हती.

आमची टिटवी घरी अखंड टिवटिव करते आणि शाळेत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप! दरवेळी बाईंचा एकच शेरा : ‘हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही.’ उद्या ही मुलाखतीला जाऊन नुसती मान डोलावत बसली तर? (ती आत्ता चौथीत आहे. पण काळजीला कुठे इयत्ता असते?)

अशात बाईंनी ‘उलटा वर्ग’ जाहीर केला. धडा घरीच व्हिडिओवर पाहायचा आणि प्रत्येकाने न कळलेला एक प्रश्न वर्गात आणायचा. तिथे बाई शिकवणार नाहीत, मुलंच प्रयोग करून तो सोडवणार! पहिल्या दिवशी पालकांनाही आमंत्रण, मागे गुपचूप बसून पाहायला. मी तर हरखलेच. प्रश्न विचारायचा म्हणजे तोंड उघडावंच लागणार!

धडा होता बुडण्या-तरंगण्याचा. व्हिडिओ संपतोय तोच टिटवीने डोळे बारीक केले. “आई, एवढासा खिळा बुडतो, मग एवढं मोठं लोखंडी जहाज का नाही बुडत?”

काय प्रश्न होता! तो तसाच जपून शाळेत पाठवायचा की नाही? पण माझ्यातली पदवीधर जागी झाली ना!

“थांब, दाखवते!”

बादली भरली. चमचा बुडाला, वाटी तरंगली. “बघ, पसरट पोकळ वस्तू जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला उचलून धरतं!”

“आणि माणसं भरल्यावर?”

वाटी गेली, पातेलं आलं. नवऱ्याच्या किल्ल्या प्रवासी झाल्या, टीव्हीचा रिमोट कप्तान झाला. आणखी प्रवासी, आणखी प्रवासी... आणि जहाज कप्तानासकट तळाला!

“सूनबाई, रिमोट कुठाय? मॅच चालू आहे!” सासरे बाहेरून ओरडले.

“बाबा, इथे विज्ञान चालू आहे!”

“मग ते आधी बंद कर!”

सकाळी शाळेच्या फाटकाशी टिटवी थबकली. “आई, न कळलेला प्रश्न न्यायचाय. पण मला तर सगळं कळलंय!”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. “अगं, थोडं विसर ना!”

“विसरता येत नाहीये!”

“विसरायचं कसं ते शिकायला माझ्याकडे पाठवायचंस,” नवरा स्कूटरवरून म्हणाला आणि सटकला.

वर्गात भराभर हात वर जात होते. बर्फ का तरंगतो? होडीला भोक पडलं तर? आमची टिटवी मात्र पुतळा! बाई तिच्यापाशी आल्या. “तुझा प्रश्न?”

टिटवीने नुसती मान डोलावली.

मी मागून खुणा सुरू केल्या. हातांचं जहाज केलं, बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. शेजारी बसलेली एक आई घाबरून सरकली. “अहो, मळमळतंय का तुम्हाला?”

शेवटी माझाच हात वर गेला. “बाई, जहाज का बुडत नाही?”

“वा! चला, आईंना समजावून सांगा. या हो, पुढे बसा.”

झालं! टिटवीच्याच गटात, पोरांच्या एवढ्याशा खुर्चीत मी स्वतःला कोंबलं. एक चिमुरडी समजुतीने म्हणाली, “काकू, घाबरू नका. ही वाटी आहे ना...”

“अगं, तिरकी धरू नकोस! आधी चमचा! आणि पाणी किती कमी घेतलंय!”

बघता बघता प्रयोग मी करत होते आणि मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. बाईंनी महत्प्रयासाने उलटा केलेला वर्ग मी पुन्हा सुलटा केला होता!

तेवढ्यात टिटवीचा हात वर गेला. ताठ!

“बाई, मला एक न कळलेला प्रश्न आहे!” खणखणीत आवाज, थेट मागच्या भिंतीपर्यंत!

“विचार ना, बाळ.”

“पालक घरी कधी जाणार?”

“छान प्रश्न! उत्तर कोण देईल?”

वर्गातले झाडून सगळे हात वर!

पण पोरगी बोलली हो, भर वर्गात बोलली! टाळ्या वाजवायला मी ताडकन उठले.

खुर्चीही माझ्याबरोबर उठली.