लोणच्याची बरणी आणि लाल गाडीचं इंजिन

मुलांनो, गाडीचं इंजिन कोणाच्या हाती द्यावं हे ठरवायला कुणी लोणच्याची बरणी नेतं का? आमचे शेजारी रतनलालजी नेतात. बरणीही माझी!

रतनलालजी जालन्यातले बियाण्यांचे व्यापारी, वय सत्तर. दारात लाल गाडी, इंजिन असं ताकदीचं की सुरू झालं की माझ्या मांडणीतले पेले थरथरायचे. दोन वर्षं ती बंद होती. आता इंजिन पूर्ण खोलून पुन्हा तसंच बांधायचं होतं.

"शर्यतीत उतरताय की काय?" मी हादरलेच.

"ताई, चुकीच्या हातात गेलं तर तो आवाज परत न्हाई. तुम्ही संगं चला. तुमचं सगळं शिस्तीत असतं."

प्रत्येक मिस्त्रीला एकच परीक्षा: बरणी उघडा, झाकण परत लावा. पहिल्यानं झाकण असं आवळलं की ते चिरलंच. "ह्यो बोल्टबी असेच मोडल. चला, ताई!" मी नवं झाकण शोधलं. अंकुशनगरच्या मिस्त्रीनं बरणी उघडून फोड तोंडात टाकली. न विचारता, ऑइलच्या हातानं! माझा आ वासलेलाच. रतनलालजी शांत. "जो फोड खातो, तो पार्टबी खातो."

वडीगोद्रीच्या रहीमभाईंनी आधी हात पुसले. झाकणापासून बरणीवर खडूची रेघ मारली, मग उघडलं. लावताना रेघेला रेघ जुळवली. "जसं होतं तसंच बसलं पायजे," एवढंच बोलले.

"बराबर!" रतनलालजींनी किल्लीच दिली.

महिन्यानं गाडी आणायला गेलो, तर रहीमभाई ट्रायल घेऊन येत होते. एवढा उंच माणूस, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले.

"अहो, सीट मागं घ्यायची ना!"

"न्हाई, मॅडम. कोणाच्या तरी मापानं लावल्याली हाये. बिगर विचारता कशी हलवू?"

रहीमभाई उतरल्यावर रतनलालजींनी त्या सीटवरून हात फिरवला. मग दुसऱ्या दारानं आत बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही चालवा. मला कुठं येती?"

मी थक्क. वीस वर्षांचा शेजार, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी नेहमी कमलभाभीच चालवायच्या, त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

सीट न हलवताच माझे पाय पेडलला नेमके पोचले. रस्त्याला लागताच इंजिन घुमलं. रतनलालजींनी डोळे मिटले.

"जल्दी, ताई," ते हळूच म्हणाले. "एवढी सावकाश ती कधीच न्हाई चालवायची."

मुलांनो, तुमच्या आईला सांगू नका. मी पाय दाबला.